हरणार हे माहीत असलेली मोठी शर्यत टाळावीशी वाटते? ऑनलाइन सायकलिंग खेळणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

काही महिन्यांपूर्वी नांदेडचे एक गृहस्थ पत्नीसोबत दवाखान्यात आले. वय चाळिशीच्या आत, नोकरी बैठी, पण तब्येत उत्तम. तीन वर्षांपासून घरातच स्मार्ट ट्रेनरवर सायकल चालवतात आणि ऑनलाइन शर्यती खेळतात. तक्रार अशी की महिन्यातून एखाद्या शनिवारी रात्री पोट बिघडते, डोके जड होते, झोप लागत नाही. रविवारी दुपारपर्यंत सगळे आपोआप ठीक होते. ईसीजी, रक्त, साखर, थायरॉइड, सगळे तपासले. काही सापडले नाही.

मग पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, रविवारी मोठी शर्यत असली की ह्यांचं पोट दुखतंय. रोजच्या छोट्या शर्यतीला काहीच दुखत नाही."

ते थोडे ओशाळले. मग म्हणाले, "तिथं बाहेरचे तगडे लोक येतात सर. मी शंभरात ऐंशीवा येणार. मग कशाला उतरायचं?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा आजार नाही आणि नाटकही नाही. पोट खरोखर दुखते. पण ते का दुखते हे कळले नाही तर माणूस गोळ्या बदलत राहतो आणि आवडीचा खेळ हळूहळू सुटतो. म्हणून हा लेख.

हा खेळ नेमका काय आहे?

घरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सायकलचे मागचे चाक काढून ती एका यंत्रावर बसवतात. त्याला स्मार्ट ट्रेनर म्हणतात. तुम्ही पायडल किती जोरात मारता हे ते यंत्र वॅटमध्ये मोजते आणि पडद्यावरचा तुमचा सायकलस्वार तेवढ्याच वेगाने पळतो. चढ आला की पायडल जड होते. झ्विफ्ट हा यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने याच खेळावर पहिली ऑनलाइन जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. म्हणजे हा 'मोबाइलवरचा टाइमपास' नाही. घाम खरा, दम खरा आणि हृदयावर येणारा ताणही खरा.

या शर्यतींत वजनाच्या मानाने ताकद किती हे पाहतात. सत्तर किलोचा माणूस २१० वॅट टिकवत असेल तर किलोमागे ३ वॅट. या आकड्यावरून खेळाडूंचे गट पाडण्याची पद्धत जुनी आहे. झ्विफ्टमध्ये २०२४ पासून निकालांवरून चढणारे-उतरणारे गुणही आले आहेत. म्हणजे प्रत्येक शर्यतीनंतर तुमच्या नावापुढचा आकडा बदलू शकतो, आणि तो इतरांनाही दिसतो.

टाळाटाळीचे बीज बहुतेकदा या आकड्यातच असते.

मोठी शर्यत का टाळली जाते?

पहिले कारण, कमावलेला आकडा जपणे. माणसाला शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख मोठे वाटते. गुणांचेही तसेच होते. वर्षभर छोट्या शर्यती जिंकून जमवलेले गुण एका मोठ्या शर्यतीत घसरतील या भीतीने खेळाडू तिकडे फिरकतच नाही. तो खेळायला बसतो, पण खेळत नाही. राखण करतो.

दुसरे कारण, सुटकेची चटक. मोठ्या शर्यतीतून नाव काढले की त्या क्षणी किती हलके वाटते ते आठवून पाहा. पोटातला गोळा विरघळतो, झोप लागते. मेंदू यातून एक धडा शिकतो: टाळले की बरे वाटते. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो, कारण सुटकेचा रस्ता त्याला पाठ झालेला असतो. भीती जिवंत राहते ती अशी. शर्यतीत वाईट घडल्यामुळे ती वाढत नाही. शर्यत झालीच नाही, म्हणून ती खोटी ठरण्याची संधीही मिळत नाही.

तिसरे कारण, सबब आधीच तयार ठेवणे. 'यावेळी तयारीच नव्हती', 'नेट बरोबर चालत नव्हते', 'रात्री जागरण झाले'. काही जण तर शर्यतीच्या आदल्या रात्री खरोखर जागरण करतात. बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ही सवय प्रयोगातून दाखवली. हरलो तर दोष जागरणाचा, जिंकलो तर कमाल आपली. 'मला येत नाही' हे ऐकण्यापेक्षा 'मी प्रयत्नच केला नव्हता' हे म्हणणे मनाला सोपे जाते.

चौथे कारण, लोक काय म्हणतील. ग्रुपवर सगळे निकाल बघणार, हसणार. याबद्दल २००० साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. त्यांना वाटले, जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात तो सुमारे पाव लोकांच्याच लक्षात राहिला होता. तुमचा ऐंशीवा क्रमांक तुम्हाला जेवढा मोठा दिसतो तेवढा दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. प्रत्येक जण स्वतःचा क्रमांक शोधत असतो.

तेव्हा शरीरात काय होते?

धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन सोडते. हृदय धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडे होते. रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते, म्हणून मळमळ किंवा जुलाब. वारंवार लघवीला जावे लागते. धोका वाघाचा आहे की निकालाच्या यादीचा, हा फरक शरीर करत नाही.

यातली गंमत अशी की जिंकण्याची उमेद असलेल्या खेळाडूचेही हृदय शर्यतीआधी असेच धडधडते. लक्षणे तीच, अर्थ वेगळा. 'मी घाबरलोय' ऐवजी 'माझे शरीर तयार होतेय' असे स्वतःला सांगणे भोळेपणाचे वाटेल, पण थोडी धडधड कामाची असते. ती पूर्ण शांत होण्याची वाट पाहाल तर कुठल्याच शर्यतीत उतरता येणार नाही.

आधी शरीर तपासा: कधी टाळणेच शहाणपणाचे?

प्रत्येक टाळाटाळ मनाची असते असे समजू नका. पुढील वेळी शर्यत सोडणे हीच योग्य गोष्ट आहे:

• ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असताना. विषाणूच्या तापात जोराचा व्यायाम केल्यास क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. डेंग्यू होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत शर्यत नाही.
• पायडल मारताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. हे शनिवारच्या रात्रीचे पोट नव्हे. ताबडतोब थांबा. थांबूनही दुखणे गेले नाही तर १०८ ला फोन करा. गेले तरी त्याच दिवशी दाखवा.
• काही आठवडे दम लवकर लागतो, पाय भरून येतात, पूर्वीचे वॅट निघत नाहीत. 'मन लागत नाही' असे वाटते, पण मागे कमी हिमोग्लोबिन, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा न कळलेला मधुमेह असू शकतो. साध्या रक्ततपासणीत हे कळते.
• सकाळी उठल्या-उठल्या नाडी रोजच्यापेक्षा बरीच जास्त, झोप बिघडलेली, चिडचिड. हा अतिसरावाचा थकवा असू शकतो. आठवडाभर विश्रांती घ्या.
• उन्हाळ्यात. नांदेड-लातूरला एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. बंद खोलीत समोरून वारा लागत नाही, त्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीर तापते. पंखा किंवा कूलर समोर नसेल तर दुपारची शर्यत नको.

वय चाळिशीपुढे असेल, बीपी, साखर किंवा तंबाखूची सवय असेल, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर जोराच्या शर्यती सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. ऑनलाइन शर्यतीची सुरुवातच जोरात होते, पहिली काही मिनिटे सगळे जीव तोडून पळतात. म्हणून आधी पंधरा मिनिटे हळूहळू शरीर गरम करा.

मग भीती आणि शहाणपण यांतला फरक कसा ओळखायचा? स्वतःला तीन प्रश्न विचारा. हाच त्रास छोट्या, जिंकता येणाऱ्या शर्यतीआधी होतो का? नाव काढल्यावर तासाभरात बरे वाटते का? गेल्या सहा महिन्यांत मोठी शर्यत टाळण्याचे कारण दर वेळी वेगळे होते का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि उरलेल्या दोघांचे 'हो' असेल, तर बहुधा ही भीती आहे.

हरलेल्या शर्यतींतून काय मिळते?

याचे उत्तम उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे. तीन हजार मीटर स्टीपलचेस हा त्यांचा प्रकार. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायचे. या प्रकारात केनियाचे धावपटू वर्षानुवर्षे पुढे. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंत पुरुषांची तिन्ही पदके दर वेळी केनियालाच गेली होती. अशा शर्यतीत उतरताना पहिले येण्याची शक्यता किती, हे कुणालाही कळते.

तरी ते उतरत राहिले. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरीही अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये रबातच्या डायमंड लीगमध्ये पाचवे आले, वेळ ८:१२.४८, नवा राष्ट्रीय विक्रम. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेसह रौप्य, सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. तोही राष्ट्रीय विक्रम. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये सहावे आले, वेळ ८:०९.९१, पुन्हा नवा विक्रम.

नीट पाहा. हे चारही विक्रम त्यांनी न जिंकलेल्या शर्यतींत झाले. पुढे पळणाऱ्यांनी ओढून नेले म्हणून वेळ सुधारली. घरच्या मैदानात, जिंकता येणाऱ्या शर्यतीच पळत राहिले असते तर पदके मिळाली असती, पण हे आकडे कदाचित आले नसते.

ऑनलाइन सायकलिंगमध्येही हेच लागू पडते. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने पळताना कमी ताकद लागते, हा नियम खेळातही घातलेला असतो. तगड्या घोळक्यात वीस मिनिटे टिकलात, तर एकट्याने कधीच न निघालेले वॅट निघू शकतात.

काय करावे? एकेक पायरी

पोहायला शिकवताना लेकराला थेट विहिरीत ढकलणारे लोक असतात. त्याने काही शिकतात, काही आयुष्यभर पाण्याला घाबरतात. भीतीशी वागताना पायऱ्या लागतात.

१. मोठ्या शर्यतीचा तोच रस्ता एकदा एकट्याने, निवांत चालवा.
२. एखाद्या छोट्या शर्यतीत उतरा, पण जिंकण्यासाठी नाही. मध्येच राहायचे ठरवून उतरा आणि निकालाची यादी न पाहता खेळ बंद करा.
३. आपल्यापेक्षा थोडे तगडे असलेल्यांच्या शर्यतीत उतरा. उद्दिष्ट एकच, पहिली दहा मिनिटे घोळक्यात राहणे.
४. आता मोठी शर्यत. उद्दिष्ट फक्त शेवटपर्यंत जाणे. शेवटचा क्रमांक आला तरी चालेल हे आधीच घरात सांगून ठेवा.
५. पुढच्या महिन्यात तीच मोठी शर्यत, यावेळी स्वतःची मागची वेळ मोडायला.

प्रत्येक पायरी दोन-तीनदा करा. धडधड कमी झाली की पुढची.

सोबत एक छोटी वही ठेवा. शर्यतीआधी लिहा: काय वाईट होईल असे वाटते? दहापैकी भीती किती? शर्यतीनंतर लिहा: खरेच काय झाले? पाच-सहा नोंदी झाल्या की वही तुम्हाला तेच सांगेल जे मी सांगतोय, पण तुमच्या अक्षरात असल्यामुळे ते पटेल.

शर्यत सोडण्याचा नियमही आधीच ठरवा. ताप, छातीचे दुखणे, चक्कर, इजा, एवढीच कारणे चालतील. शनिवारी रात्री दहानंतर निर्णय बदलायचा नाही. त्या वेळी बोलतो तो थकवा, विचार नव्हे.

घरच्यांनी काय करावे?

'एवढं काय त्यात, गेमच तर आहे' असे म्हणू नका. त्याने त्रास कमी होत नाही, तो लपवला जातो. 'तू जिंकशीलच' असेही म्हणू नका, कारण त्याला माहीत असते की तो जिंकणार नाही, आणि आता तुमची अपेक्षाही डोक्यावर येते.

शर्यत संपल्यावर 'कितवा आलास?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, 'कसं झालं? कुठं दम लागला?' पोट दुखते म्हणाला तर लिंबू-पाणी द्या, बसा, पण 'मग राहू दे आज' असे चटकन म्हणू नका. प्रेमापोटी दिलेली ती सुटका भीतीला खतपाणी घालते.

लातूर-नांदेडच्या आई-वडिलांसाठी आणखी एक गोष्ट. स्मार्ट ट्रेनर आपल्याकडे मोजक्या घरांत असेल, पण हीच टाळाटाळ मला शिकवणीच्या मुलांत नेहमी दिसते. गावाकडून आलेले, खोली करून राहणारे लेकरू नीटची तयारी करत असते. रोजच्या छोट्या चाचण्या देते, आणि मोठ्या सराव परीक्षेच्या दिवशी नेमके त्याचे डोके दुखते. कारण त्या निकालाची यादी लागणार असते. 'आळशी झालाय' म्हणून रागावण्याआधी वरचे तीन प्रश्न त्याला शांतपणे विचारा. सराव परीक्षा ही आपल्याला काय येत नाही ते कळण्याची जागा आहे. तिथे कमी गुण पडले तर तिचा उपयोग झाला.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

• फक्त शर्यतच नव्हे, तर लग्नकार्य, मीटिंग, फोनवर बोलणे, अशा अनेक गोष्टी टाळल्या जात असतील.
• अचानक छाती धडधडून 'आता मरतो' असे वाटण्याचे झटके येत असतील.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही.
• भीती घालवायला दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या असतील.
• 'मी कशाच्याच लायकीचा नाही', 'नसलेलो बरा' असे शब्द तोंडी येत असतील. हे कधीही हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे मानसोपचार विभाग आहेत. घरबसल्या बोलायचे असेल तर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

धडधड कमी करणारी गोळी शर्यतीआधी घेऊ का?
मित्राने दिली म्हणून अजिबात नको. या गोळ्या हृदयाचा वेग कमी करतात, त्यामुळे जोराच्या व्यायामात ताकद कमी पडते. दमा असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

वजन झटपट कमी केले तर किलोमागचे वॅट वाढतील ना?
कागदावर वाढतील. पण उपाशी राहून वजन उतरवले तर स्नायूही जातात, हाडे कमकुवत होतात, स्त्रियांची पाळी बिघडते. वजन खरेच जास्त असेल तर ते महिन्यांच्या हिशोबाने कमी करा.

कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेतल्याने हिंमत येते का?
हृदयाची धडधड, हाताची थरथर आणि पोटाची गडबड वाढते, आणि ती भीतीच वाटते. भीतीचा त्रास असणाऱ्यांनी शर्यतीआधी टाळलेले बरे.

हे गेमचे व्यसन आहे का?
शर्यत टाळणे म्हणजे व्यसन नव्हे. खेळावरचा ताबा सुटणे, त्यापुढे नोकरी, अभ्यास आणि घर मागे पडणे, नुकसान दिसूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, याला जागतिक आरोग्य संघटना गेमिंग डिसऑर्डर म्हणते.

सगळ्याच मोठ्या शर्यती खेळायला हव्यात का?
मुळीच नाही. वेळ नाही, आवड नाही, घरी काम आहे, ही चांगली कारणे आहेत. मनातून उतरायचे होते आणि भीतीने उतरला नाहीत, तेवढ्याच शर्यतींबद्दल हा लेख आहे.

सुरुवातीला सांगितलेले गृहस्थ दीड-दोन महिन्यांनी पुन्हा आले, बीपी दाखवायला. मोठ्या शर्यतीत उतरले होते. आदल्या रात्री झोप कमीच लागली, पोटही थोडे गडबडले. क्रमांक विचारला तर म्हणाले, "ऐंशीच्याही मागं गेलो सर." मग मोबाइल काढून वीस मिनिटांच्या सरासरी वॅटचा आकडा दाखवला. तीन वर्षांतला सर्वांत मोठा होता. पुढच्या महिन्याच्या शर्यतीत त्यांनी नाव आधीच टाकले होते.

सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या लक्षणांबद्दल प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्या. छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता तातडीची मदत घ्या.